तेवीस पालक सुखरूप

दीडशे माणसं सांभाळणाऱ्याला दोन पोरं सांभाळता येणार नाहीत, असं कुणी म्हणू शकतं का? रविराज वाघचौरेच्या मते, नाही. आणि रविराजचं मत म्हणजे त्याच्या घरात कायदाच! निदान स्वरूपा दुसऱ्या खोलीत असेपर्यंत तरी.

रविराज चाकणच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर होता. गाड्यांच्या सीटा बनवणारी कंपनी. पण ही काही त्याची खरी ओळख नव्हे. खरी ओळख म्हणजे तो त्यांच्या शिफ्टचा इव्हॅक्युएशन वॉर्डन होता. कंपनीत आग लागली, तर शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर मैदानात न्यायचं आणि मोजायचं, हे त्याचं काम. आग आजवर कधी लागली नव्हती. पण दर महिन्याला एक खोटी आग लागायची, तिला मॉक ड्रिल म्हणतात. त्या खोट्या आगीतून रविराजने गेल्या चार वर्षांत काही हजार माणसांचे प्राण वाचवले होते. त्याबद्दल मिळालेलं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं होतं. लग्नाचा फोटो त्याच्या खाली होता.

आता गंमत बघा. स्वरूपाकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे, इंडस्ट्रियल सेफ्टीचा चांगला वर्षभर घासून मिळवलेला डिप्लोमा होता. लग्नाच्या वेळी ती भोसरीत सेफ्टी ऑफिसर होती. मिनल झाली तेव्हा रविराज म्हणाला होता, "दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे!" मग बंटी झाला. मिनल आता आठ वर्षांची होती आणि बंटी चार. त्या दोन वर्षांची आठ कधी झाली, हे रविराजने कधी उघडपणे मोजलं नव्हतं, पण त्याला ते टोचायचं. डिप्लोम्याची फाइल माळ्यावर होती, आणि दिवाळीची माळ काढायला वर चढला की ती आधी हाताला लागायची.

अशात स्वरूपाला चाकणच्या एका कंपनीतून इंटरव्ह्यूचा फोन आला. पोस्ट सेफ्टी ऑफिसरची. गुरुवारी, दुपारी चार वाजता.

इकडच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविराजचीही. पण या कंपनीची सुट्टी होती रविवारी. म्हणजे नोकरी लागली, तर दर गुरुवारी दोन्ही पोरं रविराजच्या एकट्याच्या ताब्यात! बाकीचे दिवस शेजारच्या सरूबाई बघणार होत्या, पण गुरुवारी त्या मुलीकडे कासारवाडीला जायच्या आणि त्यांचा गुरुवार कुणी हलवू शकत नव्हतं.

"तेव्हा आज ट्रायल आहे तुमची," स्वरूपा निघताना म्हणाली. "माझी इंटरव्ह्यूत, तुमची घरी. मला एकही फोन करायचा नाही. फोन आला की मी समजेन, की यांना जमत नाही. इंटरव्ह्यू अर्धा सोडून घरी येईन आणि पुन्हा नोकरीचा विषय काढणार नाही."

"स्वरूपा, मी दीडशे माणसं..."

"ती दीडशे माणसं तुम्हाला 'शू आली' म्हणून सांगत नाहीत."

"सांगतात की! ब्रेक मागतात!"

स्वरूपाने हेल्मेटची काच खाली केली. तिच्या लेखी चर्चा संपली होती.

*

घरात पोरं सांभाळणं रविराजला कमीपणाचं वाटलं. त्याने थेट रावेतची 'धमाल नगरी' गाठली. मे महिन्याची सुट्टी, वर ऊन असं की गाडीच्या सीटवर पोळी भाजावी. तेव्हा थंडगार हॉलमध्ये पोरं खेळवणं, हा प्लॅन वाईट नव्हता. प्लॅन कधीच वाईट नसतो.

धमाल नगरीचे मालक उद्धवराव, मूळचे रावेतचेच. त्यांच्या शेतावर इमारत उभी राहिली तेव्हा तळमजला त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि गाद्यांचं दुकान टाकलं. ते चाललं नाही. मग उरलेल्या गाद्या भिंतींना लावल्या आणि आत पोरं सोडली. धंदा तुफान चालला! घसरगुंड्या आल्या, जाळ्या आल्या, रंगीत चेंडूंचा हौद आला, वाढदिवसासाठी कोपऱ्यात वेगळी खोली झाली. काउंटरवर त्यांच्या मंडळी, सुमनताई. त्या एका पानावर पालकांची नावं लिहायच्या, दुसऱ्या पानावर पोरांची, आणि मग सगळ्यांना न घसरणारे, तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे द्यायच्या. बूट-चपला कुलपात.

"मोठ्यांनाही मोजे?" रविराजने विचारलं.

"सगळ्यान्ला," सुमनताई म्हणाल्या. "मागच्या मैन्यात एक आजोबा घसरून चेंडवात गेलं. पाऊण तास सापडंनात."

रविराजला ही शिस्त आवडली. पण पुढे गेल्यावर त्याच्यातला वॉर्डन जागा झाला. त्याने हात पाठीमागे बांधून अख्ख्या हॉलला एक फेरी मारली.

"मालक, इथे पिवळा पट्टा नाही. या खांबाला पॅडिंग कमी आहे. आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे?"

"असंल की कुटंतरी," उद्धवराव म्हणाले.

"आणि असेंब्ली पॉइंट?"

"त्यो काय असतोय?"

"काही घडलं तर सगळ्यांनी जमायची जागा!"

"मग म्होरं पार्किंग हाय की. भांडणं झाली तरी मान्सं तितंच जमत्यात."

रविराजने मान हलवली. असल्या लोकांच्या हातात देशाचं भविष्य, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग त्याने मिनल आणि बंटीला समोर उभं केलं आणि रोज सकाळी घरी देतो तसा सेफ्टी टॉक दिला. ठोकळ्यांवर चढायचं नाही. घसरगुंडीवरून एका वेळी एकच. आणि शेवटी, "मिनल, तू शिफ्ट इनचार्ज. बंटीची आणि इथल्या शिस्तीची जबाबदारी तुझी. कळलं?"

"मी म्हणेन तसं सगळ्यांनी ऐकायचं?" मिनलने विचारलं.

"अर्थात!"

पुढचं सगळं रामायण या एका शब्दातून घडलं. पण ते नंतर.

गुरुवार असल्यामुळे हॉलच्या कडेच्या खुर्च्यांवर बापच बाप बसले होते. चाकणचे बाप, भोसरीचे बाप, तळेगावचे बाप. आठवड्यातून एकदा बायकोने 'न्या यांना कुठेतरी' म्हणून हाकललेले. पोरांना जाळीत सोडून प्रत्येक जण मोबाइलमध्ये असा बुडाला होता, की शेजारी कोण बसलंय तेही बघत नव्हता. अपवाद एकच, सोपानराव. हे बीडकडचे, चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीत, युनियनच्या कमिटीवर, रविराजच्या तोंडओळखीचे. त्यांचा प्रज्वल आत होता.

"काय करायलात मग?" त्यांनी रविराजला विचारलं.

"पोरं सांभाळतोय," रविराज म्हणाला आणि मोबाइल काढला.

*

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, ज्या रविराजला माहीत नव्हत्या.

पहिली. पोरांची खेळायची बॅच संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही, म्हणून उद्धवरावांनी त्याच सकाळी कुदळवाडीच्या भंगारातून एक हूटर आणून बसवला होता. बंद पडलेल्या कुठल्याशा कंपनीचा, कोसभर ऐकू जाईल असा. दुसरी. कोपऱ्यातल्या खोलीत सनी नावाच्या पोराचा पाचवा वाढदिवस होता, आणि त्याचे वडील खंडूशेठ यांचं म्हणणं होतं की केक साध्या टेबलावर ठेवायचा नाही, तो धुरातून प्रकट झाला पाहिजे! म्हणून त्यांनी लग्नात असतं तसं धुराचं मशीन आणलं होतं.

बरोबर साडेचार वाजता केक प्रकट झाला आणि बॅच संपली.

रविराजने मान वर केली, तर कोपऱ्यातल्या दाराखालून पांढरा धूर वळवळत बाहेर येत होता. आणि डोक्यावर हूटर! वर जाणारा, खाली येणारा, पुन्हा वर जाणारा. रविराजच्या कंपनीत सरळ हूटर म्हणजे शिफ्ट सुटली, आणि वरखाली हूटर म्हणजे निघा, नाहीतर मेलात! चार वर्षं ज्या क्षणाची तो वाट बघत होता, तो क्षण असा ठिपक्यांच्या मोज्यांत आला होता.

त्याने किल्ल्यांना लावलेली शिट्टी तोंडात धरली.

"इमर्जन्सी! सगळ्यांनी असेंब्ली पॉइंट! पळायचं नाही! ढकलायचं नाही! वस्तू घ्यायच्या नाहीत! माझ्या मागे या!"

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी आधी विचारलं असतं, 'काय झालं?' निम्मे आग बघायला धावले असते. पण ही सगळी कंपनीतली माणसं! दर महिन्याला, वर्षानुवर्षं, हा आवाज आला की उठायचं आणि रांगेत बाहेर पडायचं, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक. डोक्याला विचारायचा प्रश्नच येत नाही. सगळे बाप एकदम उठले. उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर. तोंड बंद. एक रांग. असं शिस्तबद्ध दृश्य लष्करात तरी बघायला मिळतं की नाही कोण जाणे!

सुमनताई काउंटरवर गोंधळून उभ्या होत्या. हातात दाराचं कार्ड.

"ताई, वस्तू खाली ठेवा! जीव महत्त्वाचा! चला!"

त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि त्याही रांगेत लागल्या. उद्धवराव 'आवं पर' म्हणत होते, त्यांना दोघांनी मधे घेतलं. धुरातून खंडूशेठ डोक्यावर टोकदार टोपी घालून बाहेर आले, रांग बघितली आणि सवयीने शेवटी उभे राहिले. ते तळेगावला फोर्कलिफ्ट चालवायचे. रविराजने रजिस्टर मात्र उचललं, कारण माणसं मोजायला रजिस्टर लागतं आणि वॉर्डनला तेवढी मुभा असते.

बाहेर पार्किंगमध्ये फरशी नुसती तापलेली. ठिपक्यांच्या मोज्यांतून चटके बसत होते, त्यामुळे रांग सरळ होती पण खालून नाचत होती. रविराजने मोजलं.

"मालक-मालकीण सोडून तेवीस! रजिस्टरला पालक किती? तेवीस! टॅली!"

"टॅली!" सगळे ओरडले.

"वेळ?"

"एक मिनिट चाळीस सेकंद!" सोपानराव म्हणाले. ते पहिल्यापासून मोबाइलवर शूटिंग करत होते. "लई भारी, वाघचौरे! आमच्या कंपनीत तीन मिनिटं लागत्यात!"

टाळ्या पडल्या. रविराजने नम्रपणे मान झुकवली. आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात, आणि आले तरी पुरे एक मिनिट टिकत नाहीत.

"आवं, पर झालंय काय?" उद्धवरावांनी विचारलं.

"धूर दिसला नाही तुम्हाला?"

"त्यो खंडूशेठच्या केकचा धूर हाय."

"आणि हूटर?"

"ब्याच सपली. म्याच बसिवलाय आज सकाळच्याला. कसा वाटला?"

खंडूशेठनी हळूच डोक्यावरची टोपी काढली. मग सोपानरावांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खाली कमरेच्या उंचीला बघितलं.

"आपला प्रज्वल कुठाय?"

रविराजने रजिस्टरचं पान उलटलं. दुसऱ्या पानावर वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मुले'. खाली आकडा होता एकतीस.

तेवीस बाप एकदम दाराकडे पळाले. पळायचं नाही, ढकलायचं नाही वगैरे सगळं विसरून! पण काचेचं दार बंद झालं होतं. पोरं परस्पर रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून ते आपोआप बंद व्हायचं. बाहेरून उघडायचं ते सुमनताईंच्या कार्डाने आणि आतून साडेपाच फुटांवरच्या बटणाने. कार्ड काउंटरवर होतं, रविराजच्याच हुकुमाने. आणि आत साडेपाच फुटांचं कुणीही उरलं नव्हतं. त्याची रविराजने पूर्ण खात्री करून घेतली होती.

"दुसरं कार्ड?"

"पोराकडं हाय," उद्धवराव म्हणाले. "त्यो महाबळेश्वरला गेलाय."

*

आत एकतीस पोरांना आपले बाप नाहीसे झालेत हे कळायला तीन मिनिटं लागली. बापांना पोरांचं कळायलाही साधारण तेवढाच वेळ लागला होता, तेव्हा घराण्याचं नाव राखलं म्हणायचं! पण बापांसारखा त्यांनी गोंधळ घातला नाही. एक किंकाळी उठली ती निव्वळ आनंदाची. सनीचा केक खोलीतून बाहेर आला. चेंडू हवेत उडायला लागले. बंटी काउंटरखालची पॉपकॉर्नची पिशवी पोत्यासारखी पाठीवर टाकून हिंडत होता.

मग बाहेरच्या स्पीकरवर खरखर झाली.

"हॅलो. हॅलो. मी मिनल वाघचौरे, शिफ्ट इनचार्ज."

रविराजने काचेला नाक लावलं. मिनल काउंटरवर उभी होती, हातात सुमनताईंचा माइक.

"सगळ्यांनी शिस्तीत केक खायचा आहे. ढकलायचं नाही. आधी लहान मुलं. मी सगळ्यांना मोजलंय, एकतीस आहेत. टॅली!"

"टॅली!" आतून आरोळी आली.

"पोरगी हुशार आहे हो तुमची," सोपानराव म्हणाले. "मोजलं तिनं."

काचेतून आवाज आत जात नव्हता. दाराखाली मात्र चार बोटांची फट होती. तेव्हा दीडशे माणसांचा सुपरवायझर पायपुसण्यावर पालथा पडला आणि फटीत तोंड घालून ओरडला, "मिनल! बेटा, दार उघड!"

आतल्या बाजूला मिनलचे मोजे आले. "बटण उंच आहे, पप्पा."

"ते मऊ ठोकळे आहेत ना, ते एकावर एक रचून वर चढ."

"ठोकळ्यांवर चढायचं नाही. तुम्हीच सांगितलंय."

"आता मी सांगतो, चढायचं!"

इथे सोपानरावांना राहवेना. माणूस पंधरा वर्षं कमिटीवर! समोर वाटाघाटी चालल्यात म्हटल्यावर तो गप्प बसणार कसा? ते रविराजच्या शेजारी पालथे पडले.

"असं कसं चढंल ती? पडली-बिडली तर जबाबदार कोण? लेखी घे, बाळा! तोंडी कायबी ऐकू नकोस!"

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?" रविराज खेकसला.

"आतल्यांच्या," सोपानराव म्हणाले. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही.

मिनलने विचार केला. "पप्पा, त्यापेक्षा आईला फोन करा ना. आई सांगेल तसं करते मी."

"बेस्ट!" खंडूशेठ म्हणाले. "करा की राव फोन! पाय भाजले इथे!"

"करा, करा!" बाकीचे एक पाय उचलून, मग दुसरा उचलून म्हणाले.

रविराज उठून बसला आणि त्याने खिशातून मोबाइल काढला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. फक्त बोट लावायचं, स्वरूपा दोन वाक्यांत सगळं मार्गी लावणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरातही ती तसंच लावायची, आणि सर्टिफिकेट त्याचं लागायचं.

पण आत्ता ती त्या खोलीत बसलेली असणार. पहाटे उठून तिने तो जुना निळा ड्रेस इस्त्री केला होता. बाथरूममध्ये नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, ती उत्तरं पाठ करत होती. रविराजने ती दाराबाहेर उभं राहून ऐकली होती. आठ वर्षांनी कुणीतरी तिला 'मिनलची आई' न म्हणता तिच्या नावाने हाक मारणार होतं. आणि हा इथे पायपुसण्यावर बसून ते मोडायला निघाला होता! रविराजला स्वतःची लाज वाटली. खरी लाज, कुणाला दाखवायची नव्हे.

त्याने मोबाइल खिशात टाकला आणि पुन्हा पालथा पडला.

"फोन होणार नाही. मिनल, तुझ्या मागण्या काय आहेत, ते सांग."

"आत्ता कसं बोललात!" सोपानराव म्हणाले.

मागण्या माइकवरून आल्या, म्हणजे अख्ख्या रस्त्याला ऐकू गेल्या.

"मागणी नंबर एक. अजून अर्धा तास खेळायचं."

"मंजूर!" उद्धवराव ओरडले. "तासभर खेळा, पर त्यो हूटर कुणी लावू नका!"

"मागणी नंबर दोन. बंटीला शू आली."

"ही मागणी नाही!" रविराज किंचाळला. "ही इमर्जन्सी आहे!"

"डावीकडं हाय बाळा, निळं दार!" सुमनताई फटीतून ओरडल्या. प्रज्वल बंटीला हात धरून घेऊन गेला आणि दोन मिनिटांत परत घेऊन आला. चड्डीचं बटण लावून! तेवीस बापांपैकी निम्म्यांना हे जमलं नसतं.

"मागणी नंबर तीन. सकाळी दात घासताना सेफ्टी टॉक बंद."

रविराजने डोळे मिटले. "मंजूर."

"मागणी नंबर चार. दर गुरुवारी पप्पांनी आम्हाला सांभाळायचं. मोबाइल न बघता. सगळ्यांच्या पप्पांनी!"

आत एकतीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर मात्र हाहाकार उडाला.

"हे कलम काढा!" सोपानराव ताडकन उठून उभे राहिले. "हे मान्य होणार नाही! कामगाराच्या सुट्टीवर घाला आहे हा!"

"तुम्ही आतल्यांच्या बाजूचे होतात ना?" रविराजने विचारलं.

"तीन नंबरपर्यंत होतो!"

पण फरशी तापलेली होती आणि कुठलीही युनियन तापलेल्या फरशीवर मोज्यांत फार वेळ टिकत नाही. पाचव्या मिनिटाला खंडूशेठ फुटले. मग एक एक करून सगळे. रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर चारही मागण्या लिहिल्या गेल्या, खाली तेवीस सह्या झाल्या आणि पान काचेला लावलं गेलं. मिनलने ते बोट ठेवून, तिसरीतल्या वेगाने, मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. मधे बंटीला पॉपकॉर्न भरवले.

मग आत पोरांचं काम सुरू झालं. चौघांनी ठोकळे आणले. मोठे खाली, लहान वर. दोघांनी ठोकळे दोन्ही बाजूंनी घट्ट धरले, प्रज्वलने मिनलचे पाय धरले, उरलेल्यांना मिनलने चार हात लांब उभं केलं. एका हाताने भिंत धरून तिने बटण दाबलं. कुणी ओरडलं नाही, कुणी पडलं नाही. रविराज चार वर्षं जे मोठ्या माणसांना शिकवत होता आणि ज्यात दर वेळी कुणाचा तरी अंगठा चेंगरायचा, ते त्याने काचेतून पहिल्यांदाच नीट झालेलं पाहिलं.

दार उघडलं. बाप आत घुसले आणि प्रत्येकाने आपापलं पोर उचललं. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

"वाघचौरे, व्हिडिओ मात्र झकास निघाला," जाताना सोपानराव म्हणाले. "ग्रुपवर टाकलाय."

"कुठल्या ग्रुपवर?"

"सेफ्टीच्या. चाकण-तळेगावच्या पुष्कळ कंपन्या हायत त्यात. नाव नाही टाकलं तुमचं."

रविराजला आधी धस्स झालं. मग त्याने विचार केला, व्हिडिओत रांग दिसते, टॅली दिसते, वेळ दिसते. काही वाईट नाही. उलट कुणीतरी शिकेल!

*

संध्याकाळी सात वाजता स्वरूपा रहाटणीला घरी आली. तोपर्यंत रविराजने पोरांना दोन-दोन आइस्क्रीम देऊन शपथा घातल्या होत्या. घर आवरलेलं होतं. कुकर लागलेला होता. त्याच्या चेहऱ्यावर संताची शांती होती.

"एकही फोन केला नाही," तो म्हणाला.

"हो ना," स्वरूपा म्हणाली आणि सोफ्यावर बसली. "मला नोकरी लागली. सोमवारपासून."

रविराज उडालाच! पोरं नाचली. त्याला खरोखर इतका आनंद झाला, की तो लपवायला त्याला खोकावं लागलं.

"काय विचारलं? सांग ना!"

"तासभर काही खास नाही. पाचच्या सुमाराला मोठ्या साहेबांचा मोबाइल वाजला. ते बघून हसायला लागले. मग मोबाइल माझ्याकडे फिरवून म्हणाले, मॅडम, हा व्हिडिओ आत्ता आमच्या ग्रुपवर आलाय. यातल्या चुका सांगा."

रविराज खोकायचा थांबला.

"मी अकरा सांगितल्या," स्वरूपा म्हणाली. "साहेबांना सातच सापडल्या होत्या."

"अकरा!" रविराज दुखावला गेला. "अगं, तू... तू ओळखलं नाहीस का मला?"

"ओळखलं म्हणून तर अकरा सापडल्या."

मिनल आणि बंटी एकदम गॅलरीत गेले.

रविराजने मान खाली घातली. मग माणसाचा स्वभाव म्हणतात तो असा, त्याने अगदी सहज, जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, "वेळेबद्दल काही म्हणाले का साहेब? नाही म्हणजे, एक मिनिट चाळीस सेकंद. तेवीस माणसं."

"म्हणाले ना."

"काय म्हणाले?" रविराजची मान वर आली.

"म्हणाले, पोरांना टाकून इतक्या लवकर पळालेला बाप मी आजवर बघितला नाही."

कुकरची शिट्टी झाली. रविराज उठला, स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यावर काही काम नसताना बराच वेळ ओटा पुसत राहिला.